मॅच त्यांच्या ग्राउंडवर होती ना!

मागच्या आठवड्यात नातू त्याच्या कॉलेजच्या संघातून क्रिकेटचा सामना खेळून परत आला. सामना दुसऱ्या शहरात होता. रात्री उशिरा आला, बॅट कोपऱ्यात टेकवली आणि हातपाय न धुताच जेवायला बसला. तेवढ्यावरूनच निकाल कळला. तरी विचारलंच, "काय झालं रे?"

"हरलो."

"कसे?"

"आजोबा, मॅच त्यांच्या ग्राउंडवर होती ना!"

एवढं बोलून त्याने भाकरीचा तुकडा मोडला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. त्याच्या आईच्या दृष्टीनेही संपला होता, कारण तिने लगेच पिठलं वाढलं. पण शिक्षकाची जात वाईट. मुलाने उत्तर लिहिलं की 'कारण द्या' हा उपप्रश्न आमच्या तोंडात तयारच असतो. मी त्याला विचारलं, "त्यांच्या ग्राउंडवर स्टंप चार असतात का?" तो हसला नाही. मग मीही गप्प बसलो.

पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. रात्री झोप येईना तेव्हा मला महाराष्ट्राचा एक जुना विजय आठवला, आणि त्याच्या मागोमाग माझी स्वतःची एक जुनी चूक. दोन्ही आज लिहून टाकतो.

विजय आहे जानेवारी २०१४ मधला. रणजी करंडकाची उपांत्यपूर्व फेरी, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र, आणि मैदान वानखेडे. ज्यांना क्रिकेटची फारशी आवड नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या राज्यात रणजीचे संघ तीन आहेत : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. म्हणजे 'महाराष्ट्र' नावाच्या संघात मुंबई नाही आणि नागपूरही नाही. मग उरलं कोण? पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, जालना, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर)... थोडक्यात, तुम्ही आम्ही. राज्याचं नाव छातीवर लावून हा संघ राज्याच्याच राजधानीत जातो आणि तिथे पाहुणा ठरतो! ही गंमत माझ्या डोंबिवलीच्या भाच्याला कधीच कळत नाही. तो मुंबईचा कट्टर भक्त आहे. "मामा, आम्हीपण महाराष्ट्रच की," असं म्हणतो आणि लगेच मुंबईने किती वेळा रणजी जिंकली तो आकडा ऐकवतो.

तो आकडा तेव्हा ४० होता. त्यातला चाळिसावा करंडक तर आदल्याच मोसमातला, म्हणजे २०१२-१३ चा. महाराष्ट्राच्या नावावर होते फक्त दोन, १९३९-४० आणि १९४०-४१ चे. दोन्ही वेळा कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. पुण्यात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभे असताना त्यांनी हे दोन करंडक आणले. आम्हा शिक्षक मंडळींना ही गोष्ट सांगताना आजही उगाचच आपण स्वतः काही केल्यासारखं वाटतं. असो. पण त्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ काहीच नाही. १९९२-९३ मध्ये अंतिम फेरी गाठली, तिथे पंजाबने हरवलं.

२०१३-१४ मध्ये तर महाराष्ट्र 'क' गटात होता. म्हणजे आपल्या भाषेत 'क' तुकडीच. वरच्या दोन गटांतून तीन-तीन संघ बाद फेरीत जायचे, 'क' मधून फक्त दोन. 'क' तुकडीतला मुलगा वार्षिक परीक्षेला गेला आणि शेजारच्या बाकावर बोर्डात आलेला मुलगा, अशातली ती लढत.

आता सामना बघू. मुंबईने पहिल्या डावात ४०२ धावा केल्या. महाराष्ट्राचा पहिला डाव २८० वर संपला. १२२ धावांची पिछाडी.

इथे रणजीचा एक नियम लक्षात घ्यायला हवा. बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी, तो संघ पुढे जातो. त्यामुळे पहिला डाव संपला तेव्हा मुंबईला जिंकायची गरजच उरली नव्हती. नुसतं न हरणं पुरेसं होतं. महाराष्ट्रापुढे मात्र एकच वाट होती : मुंबईला त्यांच्याच घरी पुन्हा सर्वबाद करायचं आणि चौथ्या डावात लागतील तेवढ्या धावा करायच्या.

त्याच संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, तुमचा महाराष्ट्र परतीच्या एसटीत बसवला बरं का!" मी म्हटलं, "एसटी अजून स्टँडवरच आहे." म्हटलं खरं, पण मनातून मलाही तसंच वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

पुढे जे झालं ते तुम्हाला माहीत असेल. मुंबईचा दुसरा डाव १२९ धावांत आटोपला. महाराष्ट्रापुढे २५२ धावांचं लक्ष्य आलं आणि ते फक्त दोन गडी गमावून पार झालं. केदार जाधव नाबाद १२०, विजय झोल नाबाद ९१. आठ गडी राखून विजय. चाळीस वेळचा आणि आदल्याच वर्षीचा विजेता आपल्याच अंगणात बाद झाला. त्या संध्याकाळी मी भाच्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मामा, लोकलमध्ये आहे, आवाज तुटतोय." आवाज मला अगदी स्वच्छ येत होता.

आनंद झाला, शेजारपाजारी पेढे वाटले, सगळं केलं. पण माझ्या मते या विजयाचा खरा धडा आपण तेव्हाही नीट घेतला नाही. सगळे बोलत होते ते केदारच्या १२० बद्दल. मला महत्त्वाचा वाटतो तो मुंबईचा १२९ चा डाव.

विचार करा. तेच वानखेडे. तेच मुंबईचे फलंदाज. त्यांना बाद करणारे गोलंदाजही तेच. पहिल्या वेळी ४०२ आणि दुसऱ्या वेळी १२९. मैदान घरच्यांना जिंकून देत असेल तर ते दोन-तीन दिवसांत फितूर कसं झालं? फरक पडला तो पाहुण्यांमध्ये, असा माझा तर्क आहे. पहिल्या डावात चारशे धावा खाताना गोलंदाज नुसता मार खात नसतो, तो शिकतही असतो. इथे चेंडू किती उसळतो, कोणत्या टोकाकडून टाकणं सोयीचं, कुठे टप्पा टाकला की फलंदाज चाचपडतो, हे सगळं त्याला त्या मारातून कळत जातं. घरच्या संघाला जी माहिती लहानपणापासून असते, ती पाहुण्याला एका डावात गोळा करावी लागते. ती गोळा करायची तर डोकं शाबूत लागतं, आणि पिछाडीवर असताना डोकं शाबूत ठेवणं हेच तर सगळ्यात अवघड.

दुसरी गोष्ट, मुंबईला आता फक्त वेळ काढला तरी चालणार होतं. राखायचं आहे म्हणून खेळणारा आणि मिळवायचंच आहे म्हणून खेळणारा यांच्यात फरक पडतो. हे मी वर्गात चाळीस वर्षं पाहिलं आहे. नुसतं पास होण्यापुरता अभ्यास करणारा हुशार मुलगा कधीकधी तिथेच अडखळतो. मुंबईचं तसंच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण १२९ हा आकडा मला तसंच काहीसं सांगतो.

तिसरी गोष्ट पाठलागाची. २५२ म्हणजे मुंबईने नुकत्याच केलेल्या धावांच्या जवळजवळ दुप्पट. तेही चौथ्या डावात. तिथे एक उजवा आणि एक डावखुरा उभे राहिले. उजवा अठ्ठावीस वर्षांचा, डावखुरा एकोणीसचा. हा डावखुरा विजय झोल जालन्याचा. त्याने २०११ मध्ये एकोणीस वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या होत्या. चारशे एक्कावन्न! ज्या पोराला एवढा वेळ खेळपट्टीवर राहायची सवय आहे, त्याला वानखेडेवर काय वेगळं करायचं होतं? जे घरी केलं तेच. केदारच्या मागेही त्या मोसमाचं सगळं संचित होतं. त्या वर्षी रणजीत त्याच्या इतक्या धावा कोणीच केल्या नाहीत, एकूण १२२३. म्हणजे दोघांनीही त्या दिवशी चमत्कार केला नाही. रोजचं काम परक्या अंगणात करून दाखवलं, एवढंच. आणि तेवढंच पुरेसं होतं.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, एका सामन्यावरून किती बोलाल? बरोबर आहे. म्हणून उलट बाजूचा दाखला देतो, तोही आपल्याच घरचा. १९४८-४९ च्या मोसमात हेच दोन संघ उपांत्य फेरीत भेटले होते, आणि सामना होता पुण्यात. म्हणजे यजमान आपण, पाहुणी मुंबई. मुंबईने पहिल्या डावात ६५१ आणि दुसऱ्यात ८ बाद ७१४ धावा करून डाव सोडला! आपणही ४०७ आणि ६०४ केल्या. एका सामन्यात २३७६ धावा. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला तो विक्रम आहे. आपण ३५४ धावांनी हरलो. तेव्हा पुण्याचं मैदान आपल्या मदतीला आलं नाही. २०१४ मध्ये मुंबईचं मैदान मुंबईच्या मदतीला आलं नाही. घरच्या मैदानाचा फायदा नसतोच असं मी म्हणत नाही. असतो. पण तो वाणसामानाच्या बिलावरच्या सुटीइतका असतो. बिल शेवटी आपल्यालाच भरावं लागतं.

आणखी एक कबुली देणं भाग आहे. वानखेडे जिंकल्यावर महाराष्ट्राने उपांत्य फेरीत इंदूरला बंगालचा पहिला डाव ११४ वर गुंडाळला आणि दहा गडी राखून जिंकला. पण हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटकने आपल्याला सात गडी राखून हरवलं. करंडक आला नाही. मुंबईने मात्र त्यानंतर २०१५-१६ आणि २०२३-२४ मध्ये आणखी दोन जिंकले, म्हणजे ४२ झाले. भाचा हे मला विसरू देत नाही. तेव्हा एका विजयाने इतिहास बदलला वगैरे मी म्हणणार नाही. एक गोष्ट तेवढी सिद्ध झाली : तिथे जाऊन जिंकता येतं.

आता आपल्या भागातल्या एका समजुतीबद्दल. केदार जाधवचं मूळ गाव आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं, माढा तालुक्यातलं जाधववाडी. त्यामुळे इकडे आम्ही सगळे 'आपला माढ्याचा पोरगा' म्हणून त्याच्यावर हक्क सांगतो. मीही सांगतो. २०१७ मध्ये पुण्यात त्याने इंग्लंडविरुद्ध ७६ चेंडूंत १२० केल्या (पुन्हा १२०!) तेव्हा इथल्या चहाच्या टपरीवर अशी चर्चा होती की जणू तो भीमा ओलांडून पलीकडे घरीच जाणार आहे. पण खरं बघायला गेलं तर तो जन्मला, वाढला, शिकला पुण्यात. वडील वीज मंडळात नोकरीला. मैदान, सराव, सामने हे सगळं त्याला पुण्यात मिळालं. गाव आपलं असेल, पण मैदान आपण दिलेलं नाही. श्रीरामपूरचा झहीर खान बडोद्याकडून आणि मग मुंबईकडून खेळला, तेव्हाही असंच. पोरगं मोठं झालं की हक्क सांगायला आपण पुढे, आणि लहान असताना त्याला गावाबाहेर खेळायला न्यायला कोणी नाही.

इथे माझी चूक येते.

एकोणीसशे ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी शाळेच्या खो-खो संघाबरोबर जिल्ह्याच्या स्पर्धेला सोलापूरला गेलो होतो. खेळाचे शिक्षक आजारी होते म्हणून मुख्याध्यापकांनी मला पाठवलं. मी भाषेचा शिक्षक, पण खेळाची आवड होती. पहाटेच्या एसटीने निघालो. गाडी पंढरपूरला रखडली. मैदानावर पोचलो तेव्हा आमचा सामना पुकारायला आला होता. समोरचा संघ शहरातला. सगळ्यांच्या अंगात एकसारखे ट्रॅकसूट, पायात बूट. आमची बारा पोरं शाळेच्या गणवेशाच्या खाकी चड्डीत, बहुतेक अनवाणी. ती खेळाडूंकडे बघेनात, त्यांच्या बुटांकडेच बघत राहिली.

मला वाटलं पोरांना धीर द्यावा. मी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणालो, "बाळांनो, हे लोक मोठे आहेत. हरलात तरी चालेल. फक्त शिस्तीत खेळा. भाग घेणं महत्त्वाचं."

त्यातला एक पोरगा चपळ होता. खांबाजवळ सूर मारायचा तर माती उडायची. त्याने माझ्याकडे बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "गुरुजी, मग आपण आलोय कशाला?"

मी त्याला गप्प केलं. उद्धटपणा वाटला मला तो. आम्ही हरलो, आणि मोठ्या फरकाने हरलो. परतीच्या गाडीत पोरं झोपून गेली. मीही घरी येऊन सांगितलं, "सामना सोलापुरात होता, तिथल्या पोरांपुढे आपली काय डाळ शिजणार?" माझ्या नातवाचं वाक्य त्याच्या आधी मीच बोललो होतो! फरक एवढाच की तो हरल्यावर बोलला. मी खेळण्याआधीच बोललो होतो.

बरं, खेड्यातली पोरं म्हणून असं झालं म्हणावं, तर तेही खरं नाही. आमच्याच तालुक्यातल्या वेळापूरच्या खो-खोचं नाव जिल्ह्याबाहेर कुठवर गेलं आहे ते जाणकारांना विचारा. तीच माती, तीच भाकरी. तिथल्या पोरांना कोणीतरी वेळेवर बाहेर नेलं, पुन्हा पुन्हा नेलं, आणि 'हरलात तरी चालेल' असं आधीच सांगितलं नाही. आम्ही वर्षातून एकदा नेत होतो, तेही ऐन सामन्याच्या वेळेला.

म्हणून माझं मत असं आहे. परक्या मैदानाची भीती भाषणाने जात नाही. ती तिथे वारंवार गेल्याने जाते. रणजीचा संघ दर मोसमात अर्धे सामने बाहेरच खेळतो, म्हणून वानखेडेवर १२२ ने मागे पडल्यावरही त्याला आपण काहीतरी नवं संकट बघतोय असं वाटलं नसावं. आपल्या शाळा-कॉलेजातल्या पोरांना हे का मिळू नये? मोठा खर्च नाही यात. अकलूजच्या पोरांनी नातेपुत्याला जावं, माळशिरसच्यांनी बारामतीला, पंढरपूरला जावं. स्पर्धा नसतानाही जावं. आदल्या दिवशी पोचावं. मैदानावर एक फेरी मारावी, माती हातात घ्यावी. आणि बरोबर जाणाऱ्या गुरुजींनी तोंड जपून उघडावं. 'हरलात तरी चालेल' हे वाक्य सामना संपल्यावर बोलायचं असतं. तेव्हा ते औषध असतं. आधी बोललं की तो निकालच होतो.

काही जण म्हणतील, खेळात काय एवढं? हार-जीत चालायचीच. मान्य. पण ही पोरं पुढे मुलाखतीला पुण्या-मुंबईला जातात. बँकेत, कचेरीत, कोर्टात जातात. तिथेही मैदान 'त्यांचं'च असतं. समोरच्याच्या बुटांकडे बघत बसायची सवय मी त्या दिवशी बारा पोरांना लावली, असं मला आता वाटतं. तो चपळ पोरगा आता पन्नाशी ओलांडलेला बागायतदार आहे. बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो. त्या प्रश्नाबद्दल तो कधी बोलत नाही, बहुतेक विसरलाही असेल. मी विसरलेलो नाही. एकदा त्याला थांबवून उत्तर द्यावं असं पुष्कळदा मनात येतं. 'जिंकायला आलो होतो रे बाळा,' एवढंच तर म्हणायचं आहे. पण पिशवीत भाजी असते, त्याला घाई असते, आणि माझी जीभ रेटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला अंगणात गाठलं. वानखेडेची सगळी कहाणी सांगितली. ४०२, २८०, १२९, आठ गडी राखून. केदारचं नाव त्याला माहीत होतं, पण या सामन्याबद्दल त्याने ऐकलं नव्हतं. तो सामना झाला तेव्हा तो बालवाडीतून नुकताच बाहेर पडला होता! सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजोबा, आमचा परतीचा सामना आहे पुढच्या महिन्यात. आमच्या ग्राउंडवर."

"मग?"

"मग काय, त्यांनाही कळू द्या आता."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे ग्राउंडचं भूत याच्या डोक्यातून काही गेलेलं नाही, फक्त दुसऱ्याच्या मानगुटीवर बसलंय. पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागणार. चालायचंच, निवृत्त झालो म्हणून शिकवणं थोडंच सुटतं.

तुमच्यापैकी कोणाला परक्या मैदानावर जिंकल्याची, किंवा खेळण्याआधीच हरल्याची आठवण असेल तर जरूर कळवा. डोंबिवलीकर भाचेबुवा, तुम्हीही. फक्त ४२ हा आकडा नको.